एक टक्का उजेड आणि क्वेसारची लपलेली चकती

केस २००८ ची आहे. जुलैमध्ये नेचर मासिकात जेमतेम तीन पानांचा एक पेपर आला. पहिलं नाव माकोतो किशिमोतो, ते तेव्हा जर्मनीत बॉनला माक्स प्लांकच्या रेडिओ खगोलशास्त्र संस्थेत होते, सोबत सांता बार्बराचे रॉबर्ट अँटोनुची आणि ओमर ब्लेस, एडिनबराचे अँडी लॉरेन्स, पॅरिसच्या कॅथरीन बोआसाँ आणि आणखी दोघं. त्यांनी सहा क्वेसार घेतले, त्यांच्या इन्फ्रारेड उजेडातला फक्त पोलराइज्ड भाग (ज्याची कंपनं एकाच दिशेत होतात तो) वेगळा काढला आणि त्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या तरंगलांबीला किती उजेड ते, मांडला. एवढंच काम. पण त्या सहा रेषांनी ३५ वर्षं अडकलेला एक प्रश्न निदान अर्धा तरी सोडवला, आणि ज्या पद्धतीने सोडवला ती मला खगोलशास्त्रातल्या सगळ्यात हुशार युक्त्यांपैकी एक वाटते, म्हणून ही केस नीट सुरुवातीपासून सांगतो.

आधी अडचण काय होती ते. क्वेसार म्हणजे आकाशगंगेच्या मधोमध बसलेलं महाकाय कृष्णविवर आणि त्यात गोल फिरत फिरत पडणारा वायू, ही गोष्ट आता शाळेतल्या पोरांनाही माहीत असते. वायू सरळ आत पडत नाही, त्याची चकती होते, चकतीतले थर एकमेकांवर घासतात, तापतात आणि तो उजेड आपल्याला अब्जावधी प्रकाशवर्षांवरून दिसतो. कृष्णविवराभोवतीची ही चकती क्वेसारना पुरते हे १९६९ मध्ये डोनाल्ड लिंडन-बेल यांनी मांडलं, आणि १९७३ मध्ये निकोलाय शाकुरा आणि रशीद सुन्याएव यांनी तिचं पूर्ण गणित दिलं. आजही 'स्टँडर्ड डिस्क' म्हटलं की हीच.

या गणिताची गंमत अशी की त्यातून एक आकडा बाहेर पडतो आणि त्याला पळवाट नाही. चकतीच्या प्रत्येक कड्याची उष्णता तिथल्या तिथेच तयार होते आणि तिथूनच बाहेर पडते असं धरलं तर तापमान अंतराच्या पाऊण घातांकाने कमी होत जातं. म्हणजे बाहेरची कडी थंड पण मोठी, आतली गरम पण छोटी. आता ठराविक वारंवारतेला मुख्यतः जे कडं चमकतं त्याचं क्षेत्रफळ वारंवारतेच्या उणे आठ-तृतीयांश घातांकाने बदलतं, त्याची चमक वारंवारतेच्या घनाने वाढते, दोन्ही गुणा, उरतो घातांक अधिक १/३. कृष्णविवर लहान असो की मोठं, वायू जास्त पडो की कमी, मधल्या पट्ट्यात उतार हाच यायला हवा. वारंवारता वाढली की उजेड हळूहळू वाढायला हवा, म्हणजे स्पेक्ट्रम निळ्याकडे झुकलेला हवा.

आणि दिसत काय होतं? उलटं. स्लोन सर्व्हे या आकाशाच्या मोठ्या पाहणीतल्या २००० हून जास्त क्वेसारचा सरासरी स्पेक्ट्रम २००१ मध्ये काढला गेला, त्याचा उतार उणे ०.४४ निघाला. म्हणजे निळ्याकडे चढायच्या ऐवजी उतरणारा. अधिक ०.३३ अपेक्षित, मिळतंय उणे ०.४४, याला थोडाफार फरक म्हणत नाहीत. त्यामुळे अनेक वर्षं परिस्थिती अशी की सगळे जण चकती आहे असं धरून पेपर लिहितायत, आकृत्या काढतायत, आणि चकतीची सर्वात साधी खूणच कोणाला दाखवता येत नाहीये. यावर लोकांची उत्तरं तयार होती अर्थात. अल्ट्राव्हायोलेट आणि दृश्य प्रकाश चकतीच्या आतल्या भागातून येतो, तिथे वातावरण, वारे, चुंबकीय क्षेत्र, सगळा गोंधळ, तिथे साधं गणित चालणार नाही. ठीक आहे. मग बाहेरच्या थंड भागाकडे बघा, जो जवळच्या इन्फ्रारेडमध्ये चमकतो, तिथे १/३ स्वच्छ दिसायला हवा.

पण तिथे बघताच येत नव्हतं, कारण धूळ. चकतीच्या बऱ्याच बाहेर धुळीचं जाड कडं असतं, ज्याला टोरस म्हणतात, आणि त्याची आतली कड चकतीच्या उजेडाने तापून दीडेक हजार केल्विनला पोचते, त्याच्या वर धूळ टिकतच नाही, वाफ होते. एवढ्या तापमानाची धूळ नेमकी १ मायक्रोमीटरच्या पुढे सणसणीत चमकते. क्वेसारचा स्पेक्ट्रम काढला तर १ मायक्रोमीटरला एक खळगा दिसतो आणि त्यापुढे जो चढ सुरू होतो तो सगळा धुळीचा, चकतीचा उजेड त्याखाली गाडला गेलेला. मांडवात डीजे लावलाय आणि कोपऱ्यात कोणीतरी तानपुरा जुळवतोय, तसली अवस्था. आणि मोठी दुर्बीण लावून दोघांना वेगळं बघू म्हणावं तर तेही जमत नव्हतं, कारण अख्खं क्वेसार, धुळीसकट, दुर्बिणीत एकच ठिपका दिसतं.

आता युक्ती. तिचं मूळ जुनं आहे आणि याच टीममधल्या अँटोनुचींकडे जातं. १९८५ मध्ये त्यांनी आणि जोसेफ मिलर यांनी एनजीसी १०६८ या आकाशगंगेचा पोलराइज्ड प्रकाश तपासला. सरळ बघितलं तर तिच्या केंद्रात क्वेसारसारख्या रुंद रेषा (वेगाने फिरणाऱ्या वायूच्या ढगांमुळे स्पेक्ट्रममध्ये उमटणाऱ्या पसरट रेषा) दिसत नव्हत्या, पण पोलराइज्ड प्रकाशात त्या आल्या. म्हणजे आत इंजिन आहे, धुळीच्या कड्याआड लपलंय, आणि वरच्या बाजूच्या वायूवर आपटून थोडासा उजेड आपल्याकडे वळतोय. उजेड इलेक्ट्रॉनवर आपटून कोनात वळला की तो पोलराइज होतो, मग पोलराइज्ड भाग वेगळा काढला की मिळतं ते फक्त वळून आलेल्या उजेडाचं चित्र. वायूने जणू आपल्यासाठी एक आरसा धरला. एकाच फटक्यात अख्ख्या क्षेत्राचा विचार बदलला त्या कामाने.

२००८ ची केस हीच युक्ती आहे पण उलटी करून वापरलेली. इथे क्वेसार आपल्याकडे तोंड करून आहे, काही लपलेलं नाही, उलट सगळंच एकदम दिसतंय हीच तक्रार. अशा उघड्या क्वेसारमध्येही दृश्य प्रकाशात एक टक्क्याच्या आसपास पोलरायझेशन असतं. आणि १९७९ मध्ये स्टॉकमन, एंजल आणि मायली यांना असं दिसलं होतं की या पोलरायझेशनची दिशा रेडिओत दिसणाऱ्या जेटला (कृष्णविवराजवळून चकतीच्या अक्षाच्या दिशेने निघणाऱ्या झोताला) साधारण समांतर असते. एनजीसी १०६८ मध्ये ती आडवी होती, कारण तिथला आरसा अक्षावर वर होता. समांतर येते म्हणजे आरसा चकतीच्याच पातळीत आहे, कड्यासारखा सभोवती पसरलेला. का ते बघा, विखुरलेल्या उजेडाची कंपनदिशा केंद्रापासून निघालेल्या रेषेला काटकोनात असते. कडं थोडं तिरकं दिसत असेल तर त्याच्या डाव्या-उजव्या टोकांवरून येणारा उजेड बरोबर ९० अंशात वळलेला असतो म्हणून जोरात पोलराइज्ड, पुढच्या-मागच्या भागातला कमी. बेरीज अक्षाच्या दिशेने जाते, म्हणजेच जेटच्या दिशेने.

पण हा आरसा धुळीच्या आत आहे की बाहेर? सगळी केस या एका प्रश्नावर उभी आहे. आणि याचं उत्तर टीमला रुंद रेषांमधून मिळालं. त्यांनी जे क्वेसार निवडले त्यांच्या पोलराइज्ड प्रकाशात रुंद रेषा गायब आहेत. एकूण प्रकाशात हायड्रोजनच्या रेषा ठसठशीत, पोलराइज्डमध्ये सपाट. याचा सरळ अर्थ असा की इलेक्ट्रॉनचा आरसा रुंद रेषा देणाऱ्या ढगांच्याही आत आहे किंवा फार तर त्यांच्याच पातळीला, कारण आरशाला जो उजेड चहूबाजूंनी मिळतो त्याचं पोलरायझेशन एकमेकांना खोडून जातं, आणि जो मधल्या एका बिंदूतून येतो त्याचंच टिकतं. रेषांचे ढग जर आरशाच्या भोवती असतील तर त्याहून बाहेर असलेली धूळ तर आणखीच भोवती आली. म्हणजे धुळीचा उजेडही पोलराइज्ड प्रकाशातून आपोआप बाद. उरतो फक्त मधल्या चकतीचा. शिवाय इलेक्ट्रॉनचं विखुरणं रंग बघत नाही, निळा आणि इन्फ्रारेड सारखाच वळवतं, त्यामुळे चकतीच्या स्पेक्ट्रमचा आकार जसाच्या तसा येतो.

मला यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं तर चाळणी उपकरणात नाहीये. चाळणी क्वेसारमध्येच आहे, कोणती गोष्ट कोणाच्या आत बसली आहे यात आहे. उपकरणाने फक्त मोजायचं.

पण ते 'फक्त' फार महागात पडतं. हिशोब असा बघा, समजा चकतीच्या उजेडाचा एक टक्का पोलराइज्ड आहे, आणि इन्फ्रारेडमध्ये एकूण उजेडाच्या १०० भागांतले ८० धुळीचे आणि २० चकतीचे. मग दिसणारं पोलरायझेशन एक टक्का नाही, ०.२ टक्के. धुळीने पातळ केलं. आकडे मी समजायला सोपे घेतलेत, पण जात हीच. घाबरायचं कारण नाही असंही म्हणता येईल, कारण टक्केवारी गुणिले एकूण उजेड केलं की परत तेच ०.२ भाग मिळतात, धूळ कितीही असो, टक्केवारी पडली तरी गुणाकार खरा राहतो. अडचण त्रुटीची. पोलरायझेशन ०.१ टक्क्यापर्यंत अचूक मोजायचं तर साधारण २० लाख फोटॉन लागतात, तेही आकाशाचा स्वतःचा उजेड नसेल तर, आणि इन्फ्रारेडमध्ये आकाश रात्रीही चमकत असतं, दुर्बीण स्वतः उबदार असते तीही चमकते. क्वेसार बिचारे मुळात मंद.

इन्फ्रारेड मोजमापं हवाईतल्या मौना केआवर यूकेआयआरटी या ३.८ मीटरच्या दुर्बिणीने झाली, ही दुर्बीण १९७९ पासून इन्फ्रारेडसाठीच बांधलेली, सुमारे ४२०० मीटर उंचीवर, जिथे हवेतली वाफ बरीचशी खाली राहते. दृश्य प्रकाशातला पोलराइज्ड स्पेक्ट्रम मोठ्या दुर्बिणींचा. पोलरायझेशन मोजायची रीत तशी साधी आहे, वाटेत एक हाफवेव्ह प्लेट (कंपनाची दिशा फिरवणारी काच) ठेवायची, ती ०, २२.५, ४५, ६७.५ अंशांना फिरवायची, मागे वोलास्टन प्रिझम, जो एकाच ठिपक्याचे दोन ठिपके करतो, एकात उभं कंपन, दुसऱ्यात आडवं. दोन्ही एकाच क्षणी टिपले जातात म्हणून मधे विरळ ढग गेला किंवा हवा बिघडली तरी गुणोत्तराला फार धक्का लागत नाही, आणि प्लेट फिरवली की दोन ठिपके आपली जागा बदलतात त्यामुळे कॅमेऱ्याचे स्वतःचे दोषही वजा होतात. (आपल्याकडे पुण्याहून साधारण ८० किलोमीटरवर गिरावलीला आयुका या खगोलशास्त्र संस्थेची २ मीटरची दुर्बीण आहे, तिच्यावरही याच तत्त्वाचा पोलरायझेशन मोड आहे, पण दृश्य प्रकाशात. या केसशी तिचा संबंध नाही, पण उपकरण कसं असतं हे समजून घ्यायचं असेल तर चांगलं उदाहरण.)

निवडलेल्या क्वेसारपैकी टॉन २०२ या टीमच्या आधीपासून ओळखीचा होता. २००३ मध्येच त्याच्या पोलराइज्ड स्पेक्ट्रममध्ये त्यांना हायड्रोजनच्या बामर कडेची खूण दिसली होती, ४००० अँगस्ट्रॉमच्या (०.४ मायक्रोमीटरच्या) खाली उजेड पडतो ती. ती खूण म्हणते की हा उजेड गरम, जाड, अपारदर्शक वायूतून निघालाय, जसा ताऱ्याच्या पृष्ठभागातून निघतो. एकूण प्रकाशात ही खूण सापडणं अवघड, कारण त्याच जागी रेषांचा आणि त्यांच्याबरोबरच्या उजेडाचा ढीग पडलेला. म्हणजे चाळणी चालते याची एक चाचणी आधीच पास झाली होती. बाकीच्यांत ३सी ९५ आणि ४सी ०९.७२ सारखे रेडिओत तेजस्वी क्वेसारही होते. रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणाने तरंगलांबी किती ताणली गेली त्याचं माप) ०.२ ते ०.६ च्या पट्ट्यात, त्यामुळे दुर्बिणीत २.२ मायक्रोमीटरला जे मोजलं ते तिथून निघताना दीड मायक्रोमीटरच्या आगेमागे होतं.

निकाल. एकूण उजेड १ मायक्रोमीटरपुढे धुळीमुळे वर उसळतो, आणि पोलराइज्ड उजेड मात्र त्याला भीक न घालता त्याच दिशेने खाली उतरत राहतो, सहाच्या सहा क्वेसारमध्ये. वारंवारतेच्या हिशोबाने उताराची सरासरी अधिक ०.४४, कमीजास्त ०.११. अपेक्षा अधिक ०.३३. बसलं. (स्लोनच्या सरासरीतही आकडा ०.४४ च होता, फक्त चिन्ह उलटं, निव्वळ योगायोग आहे, त्यात काही शोधू नका.) म्हणजे चकतीचा बाहेरचा भाग खरंच शाकुरा-सुन्याएव म्हणतात तसा, जागच्या जागी तापणारा. आणि बघा, ज्या इन्फ्रारेडला आपण लाल रंगाच्याही पलीकडचं म्हणतो तिथेच क्वेसार सगळ्यात निळं निघालं.

आता मी या पेपरचा कोणी शंकेखोर परीक्षक असतो तर पहिला प्रश्न जेटचा विचारला असता. क्वेसारच्या जेटमध्ये जवळपास प्रकाशाच्या वेगाने जाणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गोल फिरत सिंक्रोट्रॉन उजेड टाकतात, आणि तो जन्मतःच पोलराइज्ड असतो, आदर्श परिस्थितीत ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. आरसा वगैरे काही लागत नाही. जेट आपल्याकडे रोखलेला असेल तर तोच सगळ्यावर मात करतो, ३सी २७९ हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण, २००९ मध्ये त्याच्या गॅमा किरणांच्या भडक्याबरोबर त्याच्या पोलरायझेशनचा कोनच सरकत फिरत गेला. तसला जेट यात थोडा जरी मिसळला असता तर सगळी केस मातीत. आणि गंमत म्हणजे अर्धा टक्का बिघडवायला जेटचा फार उजेड लागतही नाही.

याला उत्तर तीन बाजूंनी आहे. एक तर निवडच अशी की ब्लेझार, म्हणजे आपल्याकडे जेट रोखलेले क्वेसार, टाळले, रेडिओत तेजस्वी असलेलेही असे की ज्यांचा जेट थेट आपल्यावर रोखलेला नाही. दुसरं उताराचं, सिंक्रोट्रॉनचा उजेड इन्फ्रारेडकडे जाताना वाढतो, तो मिसळला असता तर पोलराइज्ड स्पेक्ट्रम लाल व्हायला हवा होता, झालाय निळा. तिसरं मला सगळ्यात पटतं ते म्हणजे कोन. दृश्य प्रकाशापासून इन्फ्रारेडपर्यंत पोलरायझेशनची दिशा बदलत नाही. दोन वेगवेगळ्या कारणांनी पोलराइज झालेले उजेड मिसळले की त्यांचं प्रमाण तरंगलांबीबरोबर बदलतं आणि कोन हमखास वळतो. धुळीचा उजेड स्वतः पोलराइज्ड असता, किंवा आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीने वाटेत पोलराइज केला असता, तरी कोनाने ते सांगितलं असतं. कोन स्थिर म्हणजे एकच आरसा.

इथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवायला हवी, नाहीतर घोळ होतो. इन्फ्रारेडमध्ये पोलरायझेशन दिसलं म्हणजे दर वेळी आरसाच असतो असं नाही. २०१८ मध्ये सिग्नस ए या रेडिओ आकाशगंगेच्या केंद्राचं सोफियावरून, म्हणजे विमानात बसवलेल्या दुर्बिणीतून, ५३ आणि ८९ मायक्रोमीटरला पोलरायझेशन मोजलं गेलं, ते तब्बल १० टक्क्यांच्या घरात निघालं, आणि ते ना जेटचं ना इलेक्ट्रॉनचं, ते चुंबकीय क्षेत्रात एका रांगेत वळलेल्या लांबट धूळकणांचं होतं, टोरसचं स्वतःचं. म्हणजे २ मायक्रोमीटरला जी धूळ नुसती पातळ करणारी पाणी घालणारी, तीच ५० मायक्रोमीटरला मुख्य कलाकार. तरंगलांबी सांगितल्याशिवाय 'इन्फ्रारेड पोलरायझेशन' या शब्दाला काही अर्थ नाही असं माझं मत.

कच्च्या बाजू. सहा हा आकडा छोटा आहे, आणि ते सहाही मुद्दाम वेचलेले, ज्यांच्या पोलराइज्ड प्रकाशात रुंद रेषा नाहीत असे. बऱ्याच क्वेसारमध्ये रेषाही पोलराइज्ड येतात, तिथे आरसा बाहेर आहे, तिथे ही युक्ती चालत नाही. त्यामुळे सगळ्या क्वेसारच्या चकत्या अशाच असं या केसवरून म्हणता येत नाही, फार तर या सहांच्या. लेखकांनीही 'काही क्वेसार' एवढंच म्हटलंय, बातम्यांनी मात्र नेहमीप्रमाणे सगळ्यांचा निकाल लावून टाकला.

दुसरी बाजू जास्त बोचते. उतार बसला पण माप बसत नाही. गुरुत्वीय भिंगांच्या आड आलेल्या क्वेसारमध्ये मायक्रोलेन्सिंगवरून (मधल्या आकाशगंगेतल्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने उजेड कमीजास्त होतो त्यावरून) चकतीचा आकार काढता येतो आणि तो गणितापेक्षा काही पट मोठा निघतो, हे या पेपरच्या आसपासच्याच वर्षांत दिसायला लागलं होतं. नंतर एनजीसी ५५४८ या तशाच चकतीच्या आकाशगंगेत आतल्या उजेडाचे चढउतार बाहेरच्या कड्यांवर किती उशिरा पोचतात ते मोजलं, तिथेही चकती सुमारे तिप्पट मोठी आली. तापमान अंतरानुसार ज्या दराने कमी होतं तो दर बरोबर, पण चकतीच मोठी, असं काहीसं चित्र आहे, आणि आतल्या भागात उतार का बिघडतो हेही मोकळंच आहे. म्हणून मी वर अर्धा प्रश्न म्हटलं.

आणि तिसरं म्हणजे चकती संपते कुठे. इतक्या बाहेर चकती स्वतःच्याच वजनाने तुकडे होऊन तारे बनायला लागेल असं गणित सांगतं, इन्फ्रारेड देणारी कडी नेमकी त्या धोक्याच्या हद्दीत येतात. चकती एखाद्या ठिकाणी अचानक तुटत असेल तर त्यापुढच्या तरंगलांब्यांना उजेड देणारी थंड कडीच उरणार नाहीत, मग उतार १/३ वरून वाढत २ कडे जायला हवा, म्हणजे स्पेक्ट्रम आणखी निळा. आता मिळालेला आकडा ०.४४ आहे, ०.३३ पेक्षा ०.११ ने जास्त, आणि त्रुटी पण ०.११ च. त्यामुळे यात चकतीची कड दिसायला लागली आहे असं म्हणायचा मोह होतो खरा, पण एका सिग्मावर, म्हणजे त्रुटीएवढ्याच फरकावर, मी तरी तसं म्हणणार नाही. आणखी लांब तरंगलांबीला, आणखी मोठ्या आरशाच्या दुर्बिणीने, ०.१ टक्क्याच्याही खालची त्रुटी गाठून कोणीतरी हेच सहा क्वेसार परत मोजले तर कड आहे की नाही ते ठरेल.